ठोक्यावर लढायचे गेम: हाय-फाय रश आणि त्याची भावंडं

मध्यलय:

हाय-फाय रश नव्याने खेळणाऱ्यांची तक्रार बहुतेक वेळा एकच असते. मारामारी जमते, ताल कळतो, पण दोन्ही एकत्र करायला गेलं की सगळं विस्कटतं. शत्रू दोन असेपर्यंत बटणं गाण्यावर पडतात, सहा झाले की बोटं सुसाट सुटतात आणि गाणं कुठल्या कुठे राहतं. मला हा गेम मनापासून आवडतो आणि केवळ या कारणाने कुणी तो अर्धवट सोडला की वाईट वाटतं, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. टँगो गेमवर्क्स या जपानी स्टुडिओचा हा गेम २५ जानेवारी २०२३ ला एका ऑनलाइन कार्यक्रमात जाहीर झाला आणि त्याच दिवशी खेळायला मिळाला. त्याआधी हा स्टुडिओ भयपट छापाच्या 'द ईव्हिल विदिन'साठी ओळखला जायचा. त्यातल्या दुसऱ्या भागाचे दिग्दर्शक जॉन जोहानस हेच हाय-फाय रशचेही दिग्दर्शक. काळोख, रक्त, किंकाळ्या हे सगळं सोडून ही माणसं भडक रंगांच्या कार्टूनकडे वळली. नायक चाय यांत्रिक हात बसवून घ्यायला एका बलाढ्य कंपनीत जातो, तिथे त्याचा म्युझिक प्लेअर अपघाताने छातीत जडला जातो, आणि तेव्हापासून त्याच्याभोवतीचं सगळं जग त्या संगीताच्या ठोक्यावर हलू लागतं.

यातलं 'सगळं' शब्दशः घ्या. कारखान्यातले पाइप ठोक्यावर फुगतात, यंत्रांचे दट्टे ठोक्यावर खाली येतात, दिवे, झाडं, जिने, सरकते पट्टे, सगळं एका लयीत. चाय नुसता उभा असला तरी त्याची बोटं ठेका धरतात. आणि त्याच्या सोबत असते ८०८ नावाची यांत्रिक मांजर, तीसुद्धा ठोक्याला उजळते. म्हणजे लय कुठे आहे हे पडद्यावर सतत, दहा ठिकाणी दिसत असतं.

इथेच गोची होते. इतकं दिसतंय म्हटल्यावर आपण ते बघून बटण दाबायला जातो. डोळ्यांनी बघायचं, मेंदूने ठरवायचं, बोटाने दाबायचं, यात सेकंदाचा पाचवा भाग सहज जातो. गाणं १५० बीपीएमचं (म्हणजे मिनिटाला १५० ठोक्यांचं) असेल तर दोन ठोक्यांत ४०० मिलिसेकंदांचं अंतर असतं. म्हणजे उजळलेला दिवा बघून दाबलेलं बटण जवळपास दोन ठोक्यांच्या मधोमध पडतं! बघून दाबणारा माणूस कितीही चपळ असला तरी उशिराच पोचणार. कान मात्र पुढचा ठोका कधी येणार हे आधीच सांगत असतो. टाळी देताना आपण टाळी ऐकून टाळी देत नाही, ती कधी पडणार हे अंगात असतं म्हणून सगळ्यांची एकदम पडते.

तेव्हा माझं म्हणणं एवढंच: डोळे शत्रूसाठी राखा आणि बोटं कानाच्या हवाली करा.

प्रत्यक्षात काय करायचं? हलका वार एका ठोक्याचा आहे आणि जड वार दोन ठोक्यांचा. हे एकदा नीट समजून घ्या. चार हलके वार म्हणजे टक-टक-टक-टक. जड वार म्हणजे टक, आणि मग एक ठोका हात आखडता. नवख्यांचा ताल नव्वद टक्के वेळा जड वारानंतरच सुटतो, कारण त्या रिकाम्या ठोक्यावर बोट शांत राहत नाही. काही कॉम्बोंमध्ये (वारांच्या ठरलेल्या मालिकांमध्ये) तर मुद्दाम एक ठोका थांबायचं असतं. सुरुवातीला मोजा, तोंडाने मोजा, 'एक-दोन' म्हणा. ठोक्यावर पाय हलवत राहा. पाय हलत असला की बोटं भरकटली तरी परत येतात.

आणि कॉम्बोच्या शेवटी जे वर्तुळ आकसत येतं, त्यावर नेमक्या ठोक्याला बटण दाबलं की तो शेवटचा तडाखा वाढीव जोराने बसतो. त्यासाठीसुद्धा वर्तुळाकडे बघू नका. ते कॉम्बोनंतर कितव्या ठोक्यावर येतं ते कानाला पाठ होतं.

तुम्ही कोण काय खेळता, कुठे अडता, ते लिहा.

-----

निशाचर:

लेख आवडला, पण एका बाबतीत तीव्र असहमती. हाय-फाय रशमध्ये ठोका चुकवला तर होतं काय? काहीच नाही. चाय हलतो, वार बसतो, शत्रू मरतो. फार तर शेवटी 'जस्ट टायमिंग'चा, म्हणजे नेमक्या ठोक्यावर दाबलेल्या बटणांचा, टक्का घसरतो आणि एस श्रेणीच्या जागी बी मिळते. तालाची सक्ती नसलेल्या गेमला तालाचा गेम का म्हणायचं?

माझ्या मते या प्रकारातला खरा कस 'क्रिप्ट ऑफ द नेक्रोडान्सर'मध्ये लागतो. ब्रेस युअरसेल्फ गेम्सचा, एप्रिल २०१५ मध्ये पूर्ण स्वरूपात आलेला. वरून बघायचं तळघर, चौकटी-चौकटींची जमीन, आणि प्रत्येक ठोक्याला एक चाल. पडद्याच्या खाली एक धडधडणारं हृदय असतं, दोन्ही बाजूंनी रेघा त्याच्याकडे सरकत येतात, आणि त्या भेटतात तेव्हाच हलायचं. ठोका चुकला की तुमची चाल गेली. शत्रूची मात्र जात नाही. शिवाय नाण्यांचा वाढलेला गुणक (नाणी जितक्या पट मिळतात तो आकडा) खाली येतो.

आणि हे बुद्धिबळासारखं नियमबद्ध आहे. हिरवा स्लाइम जागचा हलत नाही. निळा ठोका सोडून एकदा वर, एकदा खाली उडी मारतो. पांढरा सांगाडा एकाआड एक ठोक्याला पुढे येतो आणि यायच्या आधी हात वर करतो. वटवाघूळ कुठेही जाईल. एकेकटे सगळे सोपे. पण तिघे एकत्र आले की तुम्हाला अर्ध्या सेकंदाला एक निर्णय घ्यावा लागतो आणि विचार करायला थांबायची मुभा नाही. गाणं संपलं की पायाखालची फळी उघडते आणि तुम्ही पुढच्या मजल्यावर पडता, दुकान बघून झालं असो वा नसो.

दुकानावरून आठवलं, त्यातला दुकानदार चालू गाण्यावर स्वतः गातो. जसजसे जवळ जाल तसतसा त्याचा आवाज मोठा होतो, म्हणजे नकाशात न दिसणारं दुकान कानाने शोधता येतं. डॅनी बॅरानोव्स्कींचं संगीत आहे. असल्या एका कल्पनेसाठी मी या गेमला शंभर गुन्हे माफ करेन.

-----

मध्यलय:

निशाचर, नेक्रोडान्सर मलाही अतिशय प्रिय आहे. पण "होतं काय, काहीच नाही" हे पूर्ण खरं नाही. हाय-फाय रशमध्ये तुम्ही बटण अवेळी दाबलंत तरी वार मात्र ठोक्यावरच बसतो. चायची हालचाल किंचित लवकर किंवा उशिरा सुरू होते, पण शस्त्र शत्रूला लागतं ते ठोक्यालाच. म्हणजे तुम्ही बेताल असलात तरी कानावर पडणारी मारामारी तालातच असते. ऐकून ऐकून बोटं आपोआप तिकडे ओढली जातात. मला ती सवलत वाटत नाही, ती शिकवण्याची पद्धत वाटते. नेक्रोडान्सर चूक झाली की लगेच दाखवून देतो. हाय-फाय रश बरोबर कसं ऐकू येतं ते सतत ऐकवत राहतो. दोघांकडून शिकायला मिळतं, वाट वेगळी.

-----

पायरी:

वाचतेय. नेक्रोडान्सरमध्ये ताल अजिबात नको असेल तर 'बार्ड' हे पात्र घ्यावं. त्याला ठोक्याचं बंधन नाही, तुम्ही हललात की शत्रू हलतात. कोणता शत्रू कसा चालतो हे शिकायला त्याच्यासारखी सोय नाही. मग ठोक्यावर परत यायचं.

-----

अर्धमात्रा:

मध्यलय, बोटं आणि कानाचं तुम्ही लिहिलंत ते बरोबर, पण त्याआधीची एक पायरी राहिली. अनेकांचा ताल मुळात चुकतच नसतो, त्यांचं यंत्र उशिरा ऐकवत असतं. मी ध्वनीशी संबंधित प्रोग्रामिंग करतो आणि या विषयावर माझा जीव आहे, त्यामुळे प्रतिसाद लांबणार.

गेमने आवाज तयार केल्यापासून तो तुमच्या कानात पडेपर्यंत काही वेळ जातो. चित्र तयार झाल्यापासून पडद्यावर दिसेपर्यंत काही वेळ जातो. आणि बटण दाबल्यापासून गेमला ते कळेपर्यंतही काही वेळ जातो. हे तीनही विलंब वेगवेगळे असतात. साध्या मारामारीच्या गेममध्ये ४०-५० मिलिसेकंदांनी कुणाचं बिघडत नाही. इथे बिघडतं. सेकंदाला ६० फ्रेम, म्हणजे ६० चित्रं, दाखवणाऱ्या गेममध्ये एक फ्रेम म्हणजे साधारण १६.७ मिलिसेकंद, तेव्हा तीन फ्रेमचा उशीर म्हणजे ५० झाले.

सगळ्यात मोठा अपराधी ब्लूटूथ हेडफोन. साध्या ब्लूटूथवर आवाजाला १५० ते २५० मिलिसेकंद सहज लागतात. १५० बीपीएमच्या गाण्यात ठोक्यांमधलं अंतर ४०० आहे हे वर आलंच आहे. म्हणजे तुम्ही अगदी ठोक्यावर दाबता आहात आणि गेमच्या हिशोबाने तुम्ही अर्धा ठोका मागे आहात. असा खेळाडू स्वतःला बेताल समजून गेम सोडून देतो, आणि दोष त्याचा नसतो. वायरचा हेडफोन लावा. नसेल तर सरळ स्पीकरवर खेळा. हवेतून आवाजाला मीटरमागे तीनच मिलिसेकंद लागतात, त्याची चिंता नको.

दुसरा अपराधी टीव्ही. चित्र गुळगुळीत दिसावं म्हणून टीव्ही प्रत्येक फ्रेमवर प्रक्रिया करत बसतो. सेटिंगमध्ये 'गेम मोड' असतो, तो चालू केला की ती बहुतेक प्रक्रिया बंद होते.

मग कॅलिब्रेशन, म्हणजे हा विलंब मोजून गेमला जुळवून घेणं. चांगल्या गेममध्ये त्याच्या दोन चाचण्या असतात. एकीत फक्त ऐकून दाबायचं, दुसरीत फक्त बघून. पहिली करताना डोळे मिटा, दुसरी करताना आवाज बंद करा. दोन्हींची सरमिसळ झाली की येणारा आकडा निरुपयोगी ठरतो. आणि ज्या हेडफोनवर, ज्या पडद्यावर खेळणार त्यावरच करा. हेडफोन बदलला की परत करा.

एक गंमतीची गोष्ट. माणसाला मेट्रोनोमबरोबर बोट आपटायला सांगितलं तर बहुतेकांचं बोट ठोक्याच्या किंचित आधी पडतं, काही दशक मिलिसेकंद आधी, आणि त्यांना मात्र ते तंतोतंत वाटतं. संगीत शिकलेल्यांमध्ये हे अंतर कमी असतं. हे अनेक प्रयोगांत दिसलेलं आहे. त्यामुळे कॅलिब्रेशनमध्ये यंत्राच्या विलंबाबरोबर तुमची ही सवयही मोजली जाते. म्हणून दुसऱ्याचे आकडे आपल्या सेटिंगमध्ये भरू नयेत.

-----

केशरी_ढग:

अर्धमात्रा, तुमचा प्रतिसाद वाचून लगेच हेडफोन बदलून बघितला. फरक थक्क करणारा आहे. एक विचारू का? गेम मध्येच अडखळला, फ्रेम गळल्या, तर गाणं आणि खेळ वेगळे पडतात का? माझा लॅपटॉप तसा जुना आहे.

-----

अर्धमात्रा:

नीट लिहिलेल्या गेममध्ये पडत नाहीत. असे गेम वेळ मोजायला फ्रेमवर विसंबत नाहीत, ध्वनी जिथून बाहेर पडतो तिथलं घड्याळ वापरतात. गाण्याचा कितवा नमुना (ध्वनीचा अगदी बारीक तुकडा) आत्ता वाजतोय यावरून ठोका ठरतो. त्यामुळे दहा फ्रेम गळल्या तरी पुढची फ्रेम गाण्याच्या जिथल्या तिथे येते. पण तुमचं बटण गेमला फ्रेमागणिकच कळत असेल तर अडखळण्याच्या काळात दाबलेलं बटण उशिरा नोंदलं जातं. तेव्हा जुन्या लॅपटॉपवर चित्राचा दर्जा खाली आणा, सावल्या कमी करा, पण फ्रेम स्थिर ठेवा. दिसायला थोडं साधं चालेल, लय तुटलेली चालणार नाही.

-----

रानफूल:

माझ्या भावाला एका कानाने अजिबात ऐकू येत नाही आणि दुसऱ्याने कमी. "बोटं कानाच्या हवाली करा" हे त्याला लागू पडत नाही, तरी तो हाय-फाय रश संपूर्ण खेळला, म्हणून मुद्दाम लिहिते. त्याने खाली दिसणारी ठोक्याची पट्टी सतत चालू ठेवली आणि कंट्रोलरचं कंपन पूर्ण केलं. तो म्हणतो की पहिल्या काही लढाया त्याने पट्टीकडे बघून खेळल्या, नंतर जमिनीचं, दिव्यांचं हलणं नजरेच्या कडेला जाणवायला लागलं आणि पट्टीकडे बघायची गरज उरली नाही. एकाच दिव्याकडे टक लावून बघणं वेगळं आणि सगळा पडदा एका लयीत श्वास घेतोय हे जाणवणं वेगळं.

ज्यांनी हे जग असं हलतं ठेवलं त्यांचे मी मनापासून आभार मानते. ती नुसती सजावट असती तर माझा भाऊ या गेमच्या बाहेरच राहिला असता.

-----

मध्यलय:

रानफूल, हे लिहिलंत ते फार बरं झालं. माझं वाक्य सुधारून घेते: पुढचा ठोका आधीच कळला पाहिजे, मग तो कानाने कळो, तळहाताने कळो की नजरेच्या कडेने. ठोका झाल्यावर त्याला प्रतिसाद द्यायला जायचं नाही, इतकंच.

-----

टिकटिक:

'मेटल: हेलसिंगर'चं नाव अजून कसं आलं नाही! द आउटसायडर्स या स्टुडिओचा, सप्टेंबर २०२२ चा. डोळ्यांसमोर बंदूक धरून खेळायचा गेम आहे. गोळी झाडणं, बंदूक परत भरणं, बाजूला झेपावणं, सगळं ठोक्यावर. ठोक्यावर झाडलेली गोळी जास्त जखमी करते, बेताल गोळी किरकोळ.

पण त्यातली खरी जादू गुणकात आहे. ताल टिकवला की गुणक दुप्पट-दुप्पट होत १६ पर्यंत चढतो आणि प्रत्येक पायरीवर गाण्यात एकेक थर वाढतो. सुरुवातीला फक्त ढोल आणि बेस. मग गिटार येते. मग ती भरते. आणि १६ ला पोचलात की गायक सुरू होतो! सर्ज टँकियन, मॅट हीफी, अलिसा व्हाइट-ग्लूझ, रँडी ब्लाइथ असे मेटलमधले नावाजलेले आवाज आहेत आणि ते ऐकायला मिळणं तुमच्या हातावर आहे. मार खाल्लात, ताल सुटला, गुणक घसरला की आवाज गप्प. त्या क्षणी जे रितेपण येतं ते कुठल्याही 'गेम ओव्हर'पेक्षा जास्त बोचतं. गाणं परत मिळवण्यासाठी माणूस जीव तोडून लढतो.

नवीन खेळणाऱ्यांसाठी: 'पाझ' नावाची बोलकी कवटी हे त्यातलं एक शस्त्र. तिची मारकशक्ती कमी, पण गोळ्या संपत नाहीत. दोन लढायांच्या मधल्या रिकाम्या वाटेवर तिच्यावर ठेका धरून चाला, म्हणजे चढवलेला गुणक खाली येत नाही.

याच धाटणीचा 'बीपीएम: बुलेट्स पर मिनिट' त्याच्या दोन वर्षं आधी, सप्टेंबर २०२० ला आला होता. तो जास्त कडक आहे. तिथे ठोक्याबाहेर बंदूक उडतच नाही. निशाचर, तुम्हाला तो रुचेल.

-----

निशाचर:

खेळलोय आणि रुचलाही. बंदूक भरायचे टप्पेसुद्धा ठोक्याला बांधलेले असल्यामुळे प्रत्येक बंदुकीचा स्वतःचा ठेका तयार होतो. पिस्तुलाचा वेगळा, शॉटगनचा वेगळा. बंदूक बदलली की नव्याने ठेका शिकायचा.

मध्यलय, तुमचा "बरोबर कसं ऐकू येतं ते ऐकवत राहतो" हा मुद्दा मात्र डोक्यात घोळतोय. मी सक्तीकडे शिस्त म्हणून बघत होतो.

-----

जुना_जॉयस्टिक:

बेताल दाबलेल्या बटणालाही तालात बसवायची ही युक्ती बरीच जुनी आहे, त्याबद्दल थोडं लिहितो.

तालाच्या गेम्सचा आजचा साचा घडला तो १९९६ च्या 'पारापा द रॅपर'पासून, प्लेस्टेशनवर. मासाया मात्सुउरा आणि त्यांचा नानाऑन-शा हा स्टुडिओ. शिक्षक एक ओळ म्हणणार, तुम्ही तीच बटणांनी म्हणायची. त्यानंतर १९९८ ला कोनामीचं 'डान्स डान्स रेव्होल्यूशन' आर्केडमध्ये आलं आणि बोटांचं काम पायांवर गेलं. पण या दोन्हींत लढाई नव्हती. खूण आली, खूण दाबली.

२००१ ला तेत्सुया मिझुगुची यांचा 'रेझ' आला, सेगाच्या ड्रीमकास्टवर आणि प्लेस्टेशन २ वर. आपण एका संगणकाच्या आत उडत चाललोय, शत्रूंवर नेम धरायचा आणि बटण सोडायचं. बटण केव्हाही सोडा, त्या वाराचा आवाज गाण्याच्या पुढच्या योग्य जागी सरकवून वाजवला जायचा. म्हणजे खेळणारा केवळ नेमबाजी करत होता आणि कानावर मात्र तो स्वतःच ते गाणं वाजवतोय असं पडत होतं. चित्रकार कांडिन्स्कीची प्रेरणा त्यामागे होती, रंग आणि सूर एकमेकांत मिसळणारी. ठोका चुकवला म्हणून शिक्षा करायची नाही, उलट प्रत्येक कृती सुरात बसवून द्यायची, हा विचार तिथे आहे. बावीस वर्षांनी हाय-फाय रशने तोच विचार हातघाईच्या लढाईत आणला असं मला दिसतं. निशाचर ज्याला सवलत म्हणत होते ती या प्रकारातली एक जुनी, ठाम भूमिका आहे.

आणि 'पाटापॉन'. २००७ ला जपानमध्ये, पुढच्या वर्षी इतरत्र, पीएसपी या हातात धरायच्या कन्सोलवर. त्याबद्दल लिहिल्याशिवाय राहवत नाही. एकडोळ्या चिमुकल्यांची एक टोळी आहे आणि आपण त्यांचा देव. आपल्याला ना पुढे जायचं बटण, ना मारायचं. चार बटणांवर चार ढोल: पाटा, पॉन, चाका, डॉन. पाटा-पाटा-पाटा-पॉन वाजवलं की टोळी पुढे चालते. पॉन-पॉन-पाटा-पॉन वाजवलं की हल्ला. चाका-चाका-पाटा-पॉन म्हणजे बचाव. चार ठोके आपण वाजवायचे, पुढचे चार ठोके ती मंडळी तेच बोल गात हुकूम बजावतात, आणि ते गात असताना आपण हात आवरायचा. मध्येच वाजवलं की साखळी तुटली.

समोर राक्षस तोंड उघडतोय, जाळ ओकणार हे दिसतंय, आणि आपल्या चार मात्रा अजून यायच्यात. त्या चार मात्रा जितक्या लांब वाटतात तितकं दुसरं काही मला कुठल्याच गेममध्ये लांब वाटलेलं नाही. सगळा डाव चार मात्रा आधी ठरवावा लागतो. मध्यलय म्हणतात ते रिकाम्या ठोक्यावर शांत राहणं पाटापॉनइतकं कुणी शिकवत नाही.

-----

पायरी:

जुना_जॉयस्टिक यांच्या प्रतिसादाला अनुमोदन. चार वाजवा, चार ऐका. साखळी टिकली की टोळी 'फीव्हर'मध्ये जाते आणि त्यांचं गाणंच बदलतं, तेव्हा अंगावर काटा येतो.

-----

केशरी_ढग:

हेडफोनचा प्रश्न सुटला, आता मी हाय-फाय रशमधल्या कॉर्सिका या बॉसवर (टप्प्याच्या शेवटच्या मोठ्या शत्रूवर) अडकलोय. साध्या शत्रूंबरोबर ताल छान बसतोय, पण तिचे वार पॅरी करायचे, म्हणजे नेमक्या ठोक्याला बटण दाबून अडवायचे, त्या लढाईत दोन-तीन अडवून होतात आणि पुढची मालिका हातातून निसटते. मध्यलय, काही सुचवाल का?

-----

मध्यलय:

केशरी_ढग, कॉर्सिका अनेकांना अडवते, कारण तोवर आपण हल्ला करणाऱ्याच्या भूमिकेत असतो आणि इथे भूमिका उलटते. ताल तिचा, आपण साथीला.

तिच्या मालिका नीट ऐका. आधी खुणा ऐकू येतात आणि दिसतात, मग त्याच लयीत वार येतात. वर पारापाबद्दल लिहिलंय तसंच, ओळ म्हटली जाते आणि मग आपण तीच म्हणायची. नवखा खेळाडू खुणा येत असतानाच घाबरून पॅरी दाबतो किंवा खुणा सरल्यावर विसरतो. त्या येत असताना बोट बटणावर ठेवून स्थिर राहा आणि तोंडाने मालिका म्हणा. 'टक, टक, टक-टक' असली तर तशीच म्हणा, मोठ्याने. वार सुरू झाले की तीच परत म्हणत दाबा. तोंड आणि बोट एकत्र चाललं की स्मरणशक्तीवर ताण येत नाही. काही मालिकांमध्ये शेवटचा वार अडवता येत नाही, तिथून निसटावं लागतं, त्याची खूण वेगळी असते. ती ओळखली की मालिकेच्या शेवटच्या टकच्या जागी 'हट' म्हणायचं, म्हणजे बोट योग्य बटणावर जातं.

दुसरं म्हणजे पॅरी वारंवार दाबू नका. एका वाराला एकदाच. दोनदा दाबलं की दुसरं दाबणं पुढच्या वाराची जागा खातं.

आणि आकडे बघू नका. किती ताकद उरली, किती गुण झाले, कुठेच नजर नको. तिच्या खांद्यांकडे बघा. हात उगारतानाच लय दिसते.

-----

टिकटिक:

कॉर्सिकाच्याही आधीचा पहिला बॉस, तो महाकाय यंत्रमानव, त्याच्या वेळी नाइन इंच नेल्सचं '१,०००,०००' वाजतं. त्याचा प्रत्येक हात आदळणं त्या गाण्याला जोडलेलं आहे. अशा लढाईत गाणं आधी चार वेळा नुसतं ऐकून घेतलं तर निम्मी लढाई सोपी होते. गाणं कुठे उसळणार, कुठे थबकणार हे माहीत असतं, म्हणून बॉस काय करणार हेही माहीत असतं.

-----

रानफूल:

या स्टुडिओचं पुढे काय झालं तेही नोंदवून ठेवते. मे २०२४ मध्ये मायक्रोसॉफ्टने टँगो गेमवर्क्स बंद करण्याची घोषणा केली. गेम वाखाणला गेला होता, पुरस्कार मिळाले होते, त्याच वर्षी मार्चमध्ये तो प्लेस्टेशन ५ वरही पोचला होता, आणि तरी बंद. मला आणि भावाला फार लागलं होतं ते. पुढे ऑगस्टमध्ये क्राफ्टन या कोरियन कंपनीने स्टुडिओ आणि हाय-फाय रशचे हक्क घेतले. म्हणजे ही मंडळी परत कामाला लागली आहेत. दुसरा भाग आला तर पहिल्याच दिवशी घेणार.

-----

केशरी_ढग:

कॉर्सिका झाली! तोंडाने मालिका म्हणण्याचा उपाय अचूक होता. ती लढाई संपल्यावर परत एकदा मुद्दाम तीच खेळलो, इतकी मजा आली. सगळ्यांचे आभार.

हाय-फाय रश संपला की नेक्रोडान्सर घ्यायचा विचार आहे. निशाचर, सुरुवात कुठून करू?

-----

निशाचर:

केडन्स हेच पात्र घ्या, बाकीची नंतर. पहिल्या विभागातलं पहिलं गाणं ११५ बीपीएमचं आहे, हाय-फाय रशवरून आलेल्या माणसाला ते संथ वाटेल. संथ वाटतंय म्हणून हुरळून जाऊ नका, पुढच्या मजल्यावर १३० होतं आणि त्यापुढे १४०. विभागच्या विभाग बदलत जातात आणि प्रत्येकात नवे शत्रू.

पहिल्या काही खेपांना पुढे जायचा हट्ट धरू नका. एक सांगाडा गाठा आणि त्याच्यासमोर ठोक्यावर नुसतं मागे-पुढे करत राहा. तो हात कधी वर करतो ते बघा. हात वर असताना समोर जायचं नाही, एक चौकट मागे यायचं, तो पुढे आला की मारायचं. एवढं एक अंगवळणी पडलं की पहिला विभाग पार होतो. जायला कुठेच वाट नसेल तर भिंत खणा, पण ठोका सोडू नका, कारण थांबलात तरी तळघर थांबत नाही.

आणि सुरुवातीला पायरी यांनी सुचवलेला बार्ड अर्धा तास खेळून बघा. मी आजवर ते पात्र टाळत आलो होतो. मध्यलय यांचं वाचून काल घेतलं आणि ड्रॅगन नेमके कसे चालतात ते पहिल्यांदा निवांत बघितलं.